वर्गणी मागणारास ओळख हवी काय?

गावात एखादे लोकोपयोगी कार्य काढावे असे चार मंडळींच्या मनात येते. दुकानाच्या पेढीवर किंवा वाचनालयाच्या बाकावर त्याची चर्चा होते. कार्य चांगले आहे याविषयी कोणाचे दुमत होत नाही. आणि मग पैशाचा प्रश्न निघाला, की सर्वांची तोंडे एकाएकी उतरतात. आमची कोणा मोठ्या माणसाशी ओळख नाही, मुंबईस आमचा कोणी शेठ नाही, मंत्र्यांच्या बंगल्यावर आमची वर्दी लागत नाही, तेव्हा आम्हांस कोण देणार, असे म्हणून मंडळी उठतात, आणि कार्य त्या बाकावरच राहते. आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ज्याने दहा वर्षे काढली आहेत, त्यास हा देखावा नवीन नाही.

या सवयीचे मूळ आम्हांस आमच्या गावच्या इतिहासातच दिसते. आजरा हा इचलकरंजीच्या जहागिरीतील महाल. शाळा, देऊळ, ग्रंथालय, जे काही व्हावयाचे ते वाड्याच्या कृपेने व्हावयाचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. येथील वाचन मंदिरास श्रीमंत गंगामाईंचे नाव आजही आहे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याबरोबर वाड्याचा आश्रयही संपला; परंतु वर पाहण्याची सवय मात्र संपली नाही. तिने वाडा सोडून मंत्रालयाची पायरी धरली, आणि २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांस आपल्या नफ्यातील दोन टक्के समाजकार्यास देणे भाग पडल्यापासून ती कंपन्यांच्या दारीही जाऊन बसते. मागण्यात कमीपणा नाही. परंतु ज्यास कोणी ओळखत नाही त्याने कोणाकडे आधी जावे, हा प्रश्न आमची मंडळी स्वतःस कधी विचारीत नाहीत. त्याचे उत्तर याच कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाने आपल्या आयुष्याने देऊन ठेविले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव ठाऊक नाही असा वाचक आमच्यापाशी नसेल. पण त्यांनी वर्गणी कशी जमविली, हे बारकाईने पाहिलेले लोक थोडे आहेत.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले, राजाराम हायस्कुलात शिकू लागले आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहू लागले. त्या काळी कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली, त्यांस जागा दिल्या, उत्पन्ने तोडून दिली. खेड्यातील मुलास शहरात दोन वेळचे अन्न व निवारा मिळाला तर तो शिकतो, एरव्ही शिकत नाही, ही साधी गोष्ट भाऊराव तेथे डोळ्यांनी पाहून शिकले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटनास ते गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. महाराजांच्या छायेत त्यांना पुढे राहावयास मिळाले. मॅट्रिकची परीक्षा मात्र त्यांच्या हातून उतरली नाही. म्हणजे ज्या माणसाची कथा आम्ही सांगत आहो त्याच्यापाशी पदवी नव्हती, पैसा नव्हता, आणि स्वतःच्या समाजातील कर्त्या मंडळींची मर्जीही त्याने विद्यार्थिदशेतच घालविली होती.

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्या वसतिगृहातून भाऊरावांना निघावे लागले त्याचे चालकत्व याच लठ्ठ्यांकडे होते, तेव्हा सूड घेण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. तुरुंगवास पत्करला, हाल सोसले. ही गोष्ट वर्गणीच्या प्रकरणात कशास, असे कोणी विचारील. आमच्या व्यापारी वाचकांस ती अप्रस्तुत वाटणार नाही. ज्याच्याजवळ गहाण ठेवावयास काही नसते त्याची पत केवळ शब्दावर चालते, आणि तो शब्द कितीस उतरतो हे लोकांनी एकदा पाहिलेले असावे लागते.

तुरुंगातून सुटल्यावर पोटासाठी ते विक्रेते झाले. आमच्या मते भाऊरावांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून चरित्रकार तो दोन ओळींत उरकतात. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव हिंडू लागले. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असा त्या वेळी कित्येक शेतकऱ्यांचा समज होता. अशा माणसास नांगर विकावयाचा म्हणजे त्याच्या बांधावर उभे राहावयाचे, त्याच्या पाटलाशी बोलावयाचे, त्याच्या बैलांची चौकशी करावयाची, एक तास नांगरून दाखवावयाचे, आणि रात्र पडली तर त्याच्याच ओसरीवर भाकरी खाऊन झोपावयाचे. सातारा जिल्ह्यातील, आणि सांगलीकडील जो मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यातच मोडत असे त्यातील, कोणत्या गावास पाटील कसा आहे, कोणत्या वाडीस शाळा नाही, कोणत्या घरी हुशार पोर गुरांमागे जात आहे, हे या फिरतीत त्यांस समजले. आज ज्यास आम्ही ओळख, वशिला, मंडळींचा गोतावळा म्हणतो, तो त्यांस कोणी आंदण दिला नव्हता. नांगराच्या गिऱ्हाइकांतून तो त्यांनी पायांनी मिळविला. पुढे साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या नांगरांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता, आणि मतभेद होऊन ते तेथूनही बाहेर पडले. परंतु शेतकऱ्याच्या ओसरीवरची त्यांची जागा तशीच राहिली.

येथे आम्हांस आमच्या पेठेतील मंडळींस एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याच्या दुकानी आठवड्याच्या बाजारास पन्नास गावांची माणसे येतात, ज्याच्या वहीत तीन पिढ्यांची उधारी मांडलेली आहे, त्याने आपली कोणाशी ओळख नाही असे म्हणावे, हे कसे?

१९१० साली दूधगाव येथे स्नेह्यांच्या साह्याने विद्यार्थ्यांचा आश्रम काढून भाऊरावांनी हात बसवून घेतला होता. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले या खेड्यात त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ठिकाण ध्यानात घेण्यासारखे आहे. हा मुलूख इंग्रजी अमलातील. तेथे शाहू महाराजांचा हुकूम चालत नव्हता, आणि १९२२ साली महाराजच गेले. कोल्हापुरातील वसतिगृहांस जे राजाश्रयाचे छत्र होते ते येथे नव्हते. गावात सत्यशोधक मंडळींचा उत्साह होता, परंतु उत्साहाने भात शिजत नाही. मुलांना रोज दोन वेळा जेवू घालावयाचे तर धान्य रोज लागणार, आणि ते विकत घ्यावयास रोकड नाही.

यातून मुठीची योजना निघाली. घरधनीण दळावयास किंवा रांधावयास बसण्यापूर्वी एक मूठ धान्य वसतिगृहाच्या नावाने वेगळ्या मडक्यात टाकी, आणि ठरलेल्या दिवशी विद्यार्थी दारोदार जाऊन ते गोळा करून आणीत. यात नवीन असे काही नाही. माधुकरी आमच्याकडे पूर्वापार होती, बलुतेदारास खळ्यावरचा वाटा होता, वारकऱ्यास शिधा होता. नवीन होते ते हे की, माधुकरी मागणारा एका जातीचा असे, आणि येथे ज्या मडक्यात मराठ्याच्या घरची मूठ पडली, त्याच मडक्यातील भाकरी महाराचे व मांगाचे पोर जैनाच्या व मुसलमानाच्या पोराच्या पंक्तीस बसून खाणार होते. देणाऱ्या बाईस हे ठाऊक असे. काहींनी मडके फोडून टाकले नसेल असे नाही. परंतु पुष्कळांनी ते भरत ठेविले.

मुठीची थट्टा करणारे त्या वेळीही होते व आजही आढळतील. त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. एक मूठ तांदूळ सरासरी ४० ग्रॅम धरू. आजरा व लगतच्या वाड्या मिळून ५०० घरांनी रोज एक मूठ काढली, तर दिवसास २० किलो, म्हणजे महिन्यास ६ क्विंटल तांदूळ जमा होतो. शाळेत जाणाऱ्या मुलीस दिवसाकाठी ४०० ग्रॅम धान्य धरले, तर पन्नास मुलींच्या पोटाची सोय झाली. डाळ, तेल, सरपण व भाडे यांची सोय अर्थात निराळी करावी लागेल, हे आम्ही विसरलो नाही. परंतु वसतिगृहाच्या खर्चातील जो भाग रोज सकाळी उभा राहतो तो कोणाही शेठजीच्या सहीवाचून भागतो, आणि ५०० घरांस त्याचा भार कळतही नाही.

रोकड पैशाच्या बाबतीत हाच मार्ग आपल्या प्रांतात पूर्वी एकाने दाखविला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षास एक पैसा अशी वर्गणी गोळा करून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. रक्कम इतकी लहान ठेवावयाची की नाही म्हणण्यास देणाऱ्याचीच जीभ अडखळावी, ही त्यातील मख्खी होय. मुठीत आणखी एक गुण आहे तो पैशात नाही. पैसा वर्षातून एकदा देऊन माणूस विसरतो. मूठ रोज काढावी लागते, म्हणून वसतिगृहाची आठवण रोज होते. आपल्या मुठीवर कोणाचे पोर पोसले जात आहे, ते पास झाले की नापास, याची चौकशी ती बाई आपण होऊन करू लागते. धनिकाकडून लाख रुपये एकरकमी आणणाऱ्या संस्थेस हे चौकस मालक मिळत नाहीत. आणि संस्था बिघडू नये म्हणून अशा मालकांइतका उपयोग कोणत्याही घटनेतील कलमाचा होत नाही.

१९२४ साली भाऊरावांनी आपले कार्य साताऱ्यास आणिले. तेथील वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांनी ते पाहिले, आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसतात हे पाहून समाधान पावले. गांधींच्या भेटीपर्यंत आठ वर्षे लोटली होती, हे आमच्या घाईच्या मंडळींनी मोजून पाहावे. मोठी माणसे आली ती चालत्या स्वयंपाकघरात आली.

या स्वयंपाकघराविषयी थोडे अधिक सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ते लक्ष्मीबाईंनी चालविले. कुंभोजच्या खात्यापित्या पाटील घराण्यातील, सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात वाढलेली ही मुलगी भाऊरावांच्या घरी आली, आणि सर्व जातींच्या पोरांना आपल्या हाताने वाढू लागली. मुले त्यांना वहिनी म्हणत. माहेरहून आलेले सोने एकेक करून वसतिगृहाच्या पोटात गेले. एकदा भाऊराव वर्गणीसाठी परगावी गेले असता कोठीतील धान्य संपले. मुलांना उपाशी कसे निजवावे म्हणून वहिनींनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले, आणि त्याच्या पैशांतून चूल पेटली. ही गोष्ट आज व्यासपीठांवरून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि टाळ्याही पडतात. आम्हांस ती ऐकताना मान खाली घालावीशी वाटते. त्या दिवशी साताऱ्यात धान्याची दुकाने उघडी होती. वखारी भरलेल्या होत्या. एका सवाष्णीस मंगळसूत्र विकून परक्यांची मुले जेववावी लागली, यात तिचे औदार्य जितके दिसते, तितकीच त्या शहराची झोपही दिसते. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचे हायस्कूल निघाले ते दहा वर्षांनी आणि कॉलेज सतरा वर्षांनी. त्यांपैकी एकही त्यांनी पाहिले नाही.

आरंभीच्या देणगीदारांची यादी करावयाची झाल्यास पहिले नाव या बाईचे लिहिले पाहिजे, हे मान्य करून आम्ही एक सांगतो. जो मागावयास निघतो त्याने आधी आपले काही घातलेले असावे, हे रास्त आहे. लोक ते पाहतात, आणि पाहूनच देतात. परंतु कार्यकर्त्याने आपल्या घरातील माणसाच्या गळ्याशी येईपर्यंत घालावे, अशी अपेक्षा करणे हा समाजाचा आळस होय. मूठ वेळेवर जमा होत असती तर मंगळसूत्रावर पाळी आली नसती. कोणत्याही नव्या संस्थेच्या मंडळींनी भाऊरावांचे अनुकरण करावे. लक्ष्मीबाईंचे अनुकरण करण्याची वेळ आपल्या घरी कोणावर येऊ देऊ नये.

भाऊरावांनी आपली मागणी आणखी एका रीतीने हलकी केली. त्यांनी मुलांना कामास लाविले. शेत कसणे, दगड फोडणे, झाडे लावणे, स्वयंपाक करणे, ही कामे विद्यार्थी करीत, आणि त्या श्रमाच्या बदल्यात शिकत. कमवा व शिका ही योजना आज पुष्कळ महाविद्यालयांत चालते, तिचे मूळ येथे आहे. याचा परिणाम वर्गणीवर कसा होतो हे मागणाऱ्यासच कळेल. ज्या गावकऱ्याने ऊन्हात माती उपसणारी पोरे पाहिली, त्यास ही फुकट पोसली जाणारी पोरे आहेत असे म्हणण्यास तोंड राहत नाही. रोख देण्यास जो तयार नसतो तो एक पडीक तुकडा देतो, दगड देतो, बैलजोडी चार दिवस देतो. पैशाखेरीज दुसरे काही घेण्याची ज्या संस्थेची तयारी नसते, तिच्या दारावरून असे देणारे परत जातात.

पुढे मोठ्यांची नावे संस्थेस जोडली गेली. १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ साली संस्थेची कायद्याप्रमाणे नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, त्यास सिल्व्हर ज्युबिली हे नाव देण्यात आले. हे वर्ष पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे. खादी वापरणाऱ्या, गांधींस मानणाऱ्या पुरुषाने बादशहाच्या ज्युबिलीचे नाव आपल्या कॉलेजास द्यावे, याबद्दल त्यांस कोणी दोष देईल. आम्ही देत नाही. कोणत्या वेळी कोणते नाव दार उघडते हे नांगर विकणाऱ्यास कळत होते. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. त्यात शिक्षण विनामूल्य व राहण्याची सोय होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. या कॉलेजासंबंधी अशी आख्यायिका सांगतात की, एका धनिकाने आपले नाव देण्याच्या अटीवर फार मोठी रक्कम देऊ केली. भाऊरावांनी शिवाजी महाराजांचे नाव बदलण्यास साफ नकार दिला आणि रक्कम परत गेली. यातील शब्दाशब्दाची ग्वाही आम्ही देत नाही. परंतु ज्याच्या मागे हजारो मुठी आहेत त्यासच असा नकार परवडतो, एवढे व्यवहार जाणणाऱ्यास पटेल.

त्या मुठींची परीक्षा लवकरच झाली. भाऊरावांच्या भाषणांविषयी सरकारदरबारी कागाळ्या गेल्या, आणि १९४८ साली संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. तोवर संस्थेच्या शाळा शेकडोंनी मोजाव्या अशा झाल्या होत्या, आणि मास्तरांचे पगार अनुदानावर अवलंबून होते. दुसरी एखादी संस्था अशा वेळी मुंबईस शिष्टमंडळ धाडून हात जोडून बसली असती. साठी ओलांडलेले भाऊराव पुन्हा गावोगाव फिरू लागले, आणि ज्या ओसऱ्यांवर तरुणपणी नांगर विकला त्याच ओसऱ्यांवर जाऊन बसले. गावांनी त्यांस रिकामे पाठविले नाही. धान्य दिले, पैसे दिले. शेवटी गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या कानी गोष्ट घातली, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगे महाराजांचे नाव कऱ्हाडच्या कॉलेजास १९५४ साली देण्यात आले. हातात खराटा व डोक्यावर मडके घेऊन हिंडणाऱ्या साधूची ओळख सरकारात भारी ठरावी, याची मौज ज्यांस वाटेल त्यांस वाटो.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांस पद्मभूषण ही पदवी दिली. एप्रिलात पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, आणि ९ मे रोजी ते निवर्तले. मॅट्रिक न झालेल्या या माणसाच्या संस्थेची आज चारशेंहून अधिक माध्यमिक विद्यालये व चाळीसहून अधिक महाविद्यालये आहेत. वटवृक्ष हे तिचे चिन्ह.

आता आमच्या गावाकडे वळतो. आजऱ्याच्या डोंगरकपारीतील वाड्यांवर व धनगरवाड्यांवर ज्या मुली सातवी-आठवीपर्यंत येतात, त्यांच्या पुढच्या शिक्षणास पाऊस, ओढे व अंतर आडवे येते; आणि बापाला तालुक्याच्या गावी खोली घेऊन देणे झेपत नाही. अशा मुलींसाठी गावाने चालविलेले एक वसतिगृह असावे, हा विचार बोलून दाखविणारी मंडळी येथे आहेत. त्यांनी पहिला अर्ज कोठे करावा याचा खल आता पुरे करावा. भाऊरावांनी सोळा वर्षे काम करून मग नोंदणी केली. आजच्या मंडळींस तसे करता येणार नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यापासून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करणे व दर वर्षी तपासलेले हिशेब देणे भाग आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु कागद होईपर्यंत घरे मोजण्यास, कोणती बाई मडके ठेवील याची गल्लीवार यादी करण्यास, आणि ज्या वाड्यांतून मुली यावयाच्या त्या वाड्यांत जाऊन प्रथम त्यांच्याच आईबापांस विचारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. ज्यांच्या मुली राहणार त्यांच्याकडून मूठ आधी यावी. ती गरिबाची म्हणून सोडून देऊ नये. सोडली तर ती मुलगी त्या वसतिगृहात आश्रित होते, आणि घेतली तर भागीदार होते. त्यानंतर गावातील घरे, मग पेठ, मग पोटासाठी मुंबई-पुण्यास गेलेली आमचीच माणसे. आमच्या तालुक्यातील किती घरांनी मुंबईच्या गिरण्यांत आयुष्ये घातली. तेथे दहा जणांच्या खोलीत निजून शिकलेल्यास वसतिगृह म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही.

दर महिन्यास किती मूठ आली, किती शिजली, किती उरली, हे फळ्यावर लिहून तो फळा रस्त्यावरून दिसेल असा लावावा. हिशेब कळण्यास कोणास आत यावे लागू नये.

एका अडचणीची कल्पना आम्हांस आहे. घनसाळाच्या सुगीनंतर मडकी लवकर भरतील. परंतु श्रावणात घरातीलच कणगी तळास जाते, तेव्हा मूठ आटते. म्हणून सुगीत आलेले धान्य पावसाळ्यापर्यंत राखावे लागेल, आणि आजऱ्याच्या पावसात ओलसर जागेतील तांदळास बुरशी येण्यास वेळ लागत नाही. कोरडी, फरसबंद, उंदरांपासून बंदिस्त अशी एखादी वखार पेठेत ज्यांची रिकामी पडली असेल, त्यांच्याकडे मंडळींनी प्रथम जावे, आणि पैसे न मागता किल्ली मागावी.